तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपवर चालतं, मग खरं मशीन कशाला?

माझ्या पीडीपी-११ ह्या जुन्या कॉम्प्युटरचा फोटो दाखवला की एकच प्रश्न येतो, त्याची नक्कल करणारं सिमएच हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं की आरटी-११ ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम लगेच बूट होते, मग एवढं मोठं धूड सांगलीच्या घरात कशाला?

तर सांगतो. माझ्याकडचं डेक ह्या अमेरिकन कंपनीचं पीडीपी-११/२३ आहे, पीडीपी-११ ही मालिका १९७० पासूनची, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी ही प्रोग्रामिंगची भाषा ह्याच घराण्यात वाढल्या. कुपवाड एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडून आणलं. आधी सगळी कार्डं काढली आणि पॉवर सप्लाय एकटाच तपासला, लोड म्हणून गाडीच्या हेडलाइटचा बल्ब, तो शेजारच्या मोटर रिवाइंडिंगवाल्या मामांनी दिला. पाच व्होल्ट स्थिर दिसले तेव्हाच कार्डं परत बसवली.

चालू केल्यावर, स्क्रीन-कीबोर्ड म्हणून सिरियल पोर्टला जोडलेल्या जुन्या पीसीवर @ ही प्रोसेसरची खूण आली. म्हणजे प्रोसेसर जिवंत! ह्या @ पुढे बूट लोडर, म्हणजे टेपवरून सिस्टिम आत आणणारा छोटा प्रोग्राम, हाताने भरायचा, ऑक्टलमध्ये म्हणजे फक्त ० ते ७ आकड्यांत, एकेक शब्द सहा आकडी, एक आकडा चुकला तरी लोडर चालत नाही. दुसऱ्या सिरियल पोर्टला लॅपटॉप, तो टीयू-५८ टेपची नक्कल करतो, खरी कॅसेट २५६ केबीची असायची. 1000G, म्हणजे पत्ता १००० पासून सुरू कर, असं दिलं, लॅपटॉपवर ब्लॉक वाचलेले दिसले आणि मग सगळं गप्प. तीन आठवडे तेच! केबल बदलल्या, मेमरी बदलली, रात्री दोन-दोन वाजले, काही फरक नाही.

चूक माझीच होती, प्रोसेसर आणि सिरियल कार्डाच्या मध्ये एक स्लॉट रिकामा ठेवला होता. कार्डं जोडणाऱ्या क्यू-बसवर कार्डाने 'माझ्याकडे बघ' म्हणून प्रोसेसरला मारलेल्या हाकेची, म्हणजे इंटरप्टची, परवानगी प्रोसेसरकडून निघते आणि कार्डाकार्डातून हातोहात पुढे जाते, मध्ये जागा रिकामी राहिली की तिथेच तुटते. @ चालत होतं कारण तिथे प्रोसेसर स्वतःच पोर्टला सारखं विचारत राहतो, अक्षर आलं का, आलं का, त्याला इंटरप्ट लागतच नाही. लोडरचंही तसंच. आरटी-११ला मात्र लागतो. कार्ड एक घर वर सरकवलं, बस्स.

सिमएचमध्ये रिकामा स्लॉट नसतो हो. तिथे मला हे कधीच कळलं नसतं, आणि हे कळावं म्हणूनच तर मशीन आणलं.

आरटी-११एसजे अशी ओळ आली, खाली नुसता एक टिंब, तोच प्रॉम्प्ट. मी मामांना फोन केला, ते दुकान तसंच टाकून आले, म्हटलं आता तुम्हीच टाइप करा. त्यांनी एका बोटाने डी, आय, आर दाबलं, एंटर मारला आणि फाइलींची नावं खाली सरकताना शेवटपर्यंत उभ्याने बघत राहिले.