नकाशावर ‘मध्यम’ लिहिलेल्या उतरणीने बाइकचे बोल्ट सोडवले

बाइक पार्कच्या नकाशावर डाउनहिल माउंटन बाइकच्या (डोंगरउतारावरून पळवायच्या सायकलच्या) या उतरणीला ‘मध्यम’ म्हटलंय. वरच्या दोन टप्प्यांपुरतं ते खरं आहे. बर्म्स (वळणावरचे मातीचे तिरके बांध) गुळगुळीत, उड्या अंदाजात बसणाऱ्या, वर नेणाऱ्या लिफ्टला रांग नाही. जा आणि मजा करा, त्यावर जास्त लिहीत नाही.

खालचा टप्पा वेगळाच आहे. उभा उतार, आणि प्रत्येक वळणाआधी लोकांनी ब्रेक मारून मारून केलेले आडवे खड्डे. इतके जवळजवळ की चाक एकातून सावरेपर्यंत पुढचा हजर. पहिल्या फेरीत हाताला झिणझिण्या आल्या आणि पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) दगडासारखा कडक लागायला लागला. २०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे इतका दबू शकणारा, फोर्क कडक लागतोय म्हटल्यावर त्यातली हवा कमी करावीशी वाटते. करू नका. बहुतेक वेळा दोष रिबाउंडचा (दबलेला फोर्क परत उघडण्याच्या वेगाचा) असतो: तो फार सावकाश ठेवला, की दोन खड्ड्यांमध्ये फोर्कला पूर्ण उघडायला वेळ मिळत नाही आणि तो दबत दबत खाली बसतो. हवा काढली तर आणखीच बसेल. रिबाउंड एक-दोन क्लिक मोकळा (म्हणजे जलद) करा आणि त्याच तुकड्यावर पुन्हा उतरून बघा. सॅग (नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) मात्र आधीच मोजलेला हवा. मागे ३० टक्क्यांच्या आसपास, पुढे त्याहून थोडा कमी.

मग ब्रेक. अर्ध्या उतारावर मागचा ब्रेक लागेनासा झाला. पायथ्याच्या वर्कशॉपमध्ये लिव्हर न दाबताच निदान झालं: “हवा शिरलीय, ब्लीड करावं लागेल, सोबत फुल सर्व्हिस करून घ्या.” (ब्लीड म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढून द्रव भरणं.) केली. बिल वाचून बाइक विकून पैसे भागवावेत की काय असं वाटलं. पुढच्या फेरीत त्याच वळणावर तीच गत.

फरक ओळखायला एक बोट पुरतं. लिव्हर मऊ, स्पंजसारखा लागतोय, हँडलबारपर्यंत येतोय, दोन-तीनदा दाबला की सुधारतोय, तर हवा आहे किंवा द्रव उकळलाय, तेव्हा ब्लीड. पण लिव्हर घट्ट आहे आणि तरी चाक थांबत नाही, तर द्रवाला हात लावायचं कारणच नाही, गडबड रोटरला (चाकाच्या डिस्कला) घासणाऱ्या पॅडमध्ये आहे. माझा लिव्हर घट्ट होता. पॅड काढले तर वर काचेसारखी चकाकी. ऑरगॅनिक (राळ-तंतूंचे, मऊ) पॅड अशा लांब, सतत ब्रेक मागणाऱ्या उतारावर तापून असे होतात. मेटॅलिक (धातूचे कण असलेले) टाकले, सपाटीवर वेग घेऊन हळूहळू ब्रेक लावत (पूर्ण न थांबता) वीसेक वेळा रोटरवर घासून बसवले आणि प्रश्न मिटला. मेटॅलिक पॅड जास्त आवाज करतात, ओले झाले की किंचाळतात. किंचाळू द्या.

ब्लीड करायचंच असेल तर कोणता द्रव ते आधी लिव्हरच्या झाकणावर वाचा. डॉट आणि मिनरल ऑइल हे दोन वेगळे ब्रेक-द्रव एकमेकांच्या जागी चालत नाहीत, सील फुगून ब्रेक कामातून जातो. वर्कशॉपवाल्याने भलतीच बाटली उचलली होती, मी अडवली म्हणून वाचलो. डॉट हवेतला ओलावा शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, त्यामुळे वर्षानुवर्षं उघडी पडलेली बाटली कुणी पुढे केली तर नको म्हणा.

आता टकटक. दर खड्ड्याला एक ठोका, पुढून आल्यासारखा. निदान: हेडसेटचे (हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याचे) बेअरिंग बदला. या वेळी नकार दिला. पुढचा ब्रेक दाबून, हेडसेट आणि क्राउनच्या (फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या आडव्या भागाच्या) फटीवर बोट ठेवून बाइक मागेपुढे हलवली. बोटाला काहीच जाणवलं नाही. मग सीट धरून मागचं चाक किंचित उचललं, आणि तोच ठोका. शॉकचा (मागच्या सस्पेन्शनचा) खालचा बोल्ट हाताने फिरत होता! फ्रेममधून आवाज कुठेही फिरतो, कानावर विसंबू नका, बोट लावा. हेडसेट खरंच ढिला असेल तर ड्युअल क्राउन फोर्कमध्ये वरच्या क्राउनचे बोल्ट सोडल्याशिवाय टॉप कॅप (हेडसेट आवळणारं वरचं झाकण) आवळून उपयोग नाही.

‘फुल सर्व्हिस’ म्हणजे काय केलं होतं? धुतली, चेन चकाचक केली. शॉक आणि पिव्होटच्या (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांच्या) एकाही बोल्टला टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावलेला नव्हता. येण्याआधी घरीच प्रत्येक पिव्होट बोल्ट काढून, पुसून, निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून फ्रेमवर लिहिलेल्या टॉर्कला आवळा. मग बोल्टवरून फ्रेमपर्यंत पेंट मार्करची एक सरळ रेघ मारा. लिफ्टमध्ये चढवताना रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट हलला. खालच्या टप्प्याच्या दर दोन फेऱ्यांनंतर बघा. जास्त वाटेल, पण तो टप्पाच तसा आहे.

टायर पातळ केसिंगचे (अंगाने पातळ) असतील तर खाली जाऊच नका. रिमला खळगा पडतो, आतलं सीलंट (पंक्चर बुजवणारा द्रव) फवाऱ्यासारखं उडतं आणि उरलेला उतार चालत. दोन्ही बाजूंचे स्पोक रोज बोटाने छेडून बघा, एखादा भद्द वाजला तर तो ढिला आहे. डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) तुमच्याच फ्रेमचा, सुटा, खिशात ठेवा. पायथ्याशी तुमच्या मॉडेलचा मिळेल या भरवशावर राहू नका. चेनला स्प्रेचं तेल मारू नका, तुषार रोटरवर जातात आणि नवे पॅड एका मिनिटात बाद होतात. पॅडचे दोन जोड न्या. खालच्या टप्प्यावर एक संपतोच.