दीडपट

हल्ली मी सगळं दीडपट वेगाने ऐकते. पॉडकास्ट, व्याख्यानं, मावशीचे सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेजसुद्धा. (मावशीला हे माहीत नाही.) परवा ब्रिटिश अभिनेता ॲलन रिकमनची एक जुनी मुलाखत लावली, तीही सवयीने तशीच. अर्ध्या मिनिटात जाणवलं, काहीतरी बिनसलंय. हा माणूस चक्क तुमच्या-आमच्यासारखा बोलत होता!

वेग कमी केला आणि रिकमन परत आला. शब्द तोंडात घोळवून मगच बाहेर सोडणारा, दोन शब्दांच्या मध्ये आपण भाजी हलवून यावं एवढी जागा ठेवणारा. 'हॅरी पॉटर'मधला त्याचा स्नेप मास्तर एका मुलाला झापायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात आमच्या बाईंनी अख्खा वर्ग बाकावर उभा केला असता. तरी धाक स्नेपचाच जास्त. इतर खलनायक ओरडतात. हा आवाज खाली आणतो आणि आपण कान टवकारतो.

आयुष्यातही त्याला घाई नव्हतीच. 1946 साली लंडनमध्ये जन्म. ग्राफिक डिझाइन शिकला, मित्रांबरोबर स्टुडिओ काढला आणि 26 व्या वर्षी तो सोडून 'राडा' या लंडनच्या नाट्यशाळेत नाटक शिकायला गेला. आपल्याकडे मुलाने या वयात असं काही काढलं की आधी मामाला बोलावणं जातं. मग कित्येक वर्षं नाटकं, 1982 मध्ये बीबीसीच्या मालिकेतला बुळबुळीत पाद्री स्लोप. पहिला चित्रपट 'डाय हार्ड' 1988 चा, तेव्हा हा 42 वर्षांचा! ब्रूस विलिस बिचारा फुटक्या काचांवरून अनवाणी धडपडतोय, आणि आपलं लक्ष मात्र सुटातल्या या दरोडेखोराकडे. पुढे रशियातल्या गूढ साधू रास्पुतिनच्या भूमिकेसाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. ऑस्करचं साधं नामांकनही कधी नाही, आणि ते मला अजून पटलेलं नाही.

रिमा हॉर्टन त्याला 1965 मध्ये भेटली. लग्न केलं 2012 मध्ये, न्यूयॉर्कला, कोणाला न बोलावता. 47 वर्षं! गेला मात्र लवकर, जानेवारी 2016 मध्ये, 69 व्या वर्षी, कर्करोगाने.

स्नेपची भूमिका घेतली तेव्हा पॉटरची तीनच पुस्तकं बाहेर आली होती. पॉटरच्या लेखिका रोलिंगबाईंनी त्याला फोनवर पुढची एक छोटीशी गोष्ट सांगून ठेवली. ती त्याने वर्षानुवर्षं पोटात ठेवली. आता पहिला भाग लावला की मी त्याच्या बोलण्यापेक्षा त्या मधल्या थांबण्यांकडेच बघत बसते.