कान का दुखतोय?

टॉन्सिल्स काढले म्हटल्यावर जो तो म्हणतो, "मजा आहे, आईस्क्रीम खा!" कानाचं कुणी बोलत नाही. ऑपरेशन घशात आणि आज सकाळपासून ठणकतोय कान. डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडची वेदना वाहणारी एक नस सामाईक आहे, म्हणून. आरशात पाहिलं तर घशात पांढरा थर. पू नाही, खपलीच ती. साधारण ५ ते १० दिवसांत सुटते आणि तेव्हा रक्त येऊ शकतं. लाल रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

खरं दुःख वेगळंच आहे. जळगावात थंडी पडलीय, शेजारच्या अंगणात काड्यांवर भरताची वांगी भाजताहेत, सोबत कळण्याची भाकरी असणार. आणि माझ्या ताटात गार, गिजगा वरणभात! आई सारखी पाण्याचा पेला घेऊन उभी, "दुखलं तरी गिळ." घसा कोरडा पडला की जास्त दुखतं, त्यामुळे वादही घालता येत नाही (तसाही आवाज नाहीच). केळी मात्र हवी तेवढी खा म्हणे. जळगावकराला केळीचं काय कौतुक!

फोन करू नका, मेसेज टाका. भरताचे फोटो पाठवणाऱ्यांना ब्लॉक करण्यात येईल.