अंगठा, पंजा आणि पितळी पुंगळ्या

माझ्या हाताला बांगडी सव्वादोनची लागते. हे आधीच सांगून टाकते, कारण हँड प्रायमर घेताना शेवटी हेच माप कामी आलं. हँड प्रायमर म्हणजे रिकाम्या काडतुसात प्रायमर, ही ठिणगी पाडणारी छोटी टोपी, हातानं बसवायचं अवजार.

ओहायोत येऊन आम्हाला एकोणीस वर्षं झाली. रायफलीचा नाद मला इथेच लागला, तोही चाळिशी उलटल्यावर. माझ्याकडे एम-वन गॅरंड आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या खांद्यावर असायची तीच; सव्वाचार किलोचं धूड, एका क्लिपमध्ये आठ राऊंड, म्हणजे काडतुसं. आमच्या राज्यातच, लेक ईरीच्या काठी, कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा भरतात आणि खास गॅरंडचा सामनाही होतो. त्याच्या सरावाला राऊंड भरपूर लागतात. विकत घेऊन परवडत नाहीत, म्हणून तिच्या थर्टी-ऑट-सिक्स मापाच्या उडालेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचं, मी घरीच पुन्हा भरते.

२०२४ साली स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा कोल्हापूरहून मामेभावाचा फोन आला. "त्यो पण तुझ्यासारख्या घरात गोळ्या भरतोय काय गं?" नाही रे बाबा. त्याची पॉईंट टू टू, रिमफायर. तिच्यात वेगळा प्रायमर नसतोच, पेटणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं. एकदा उडाली की ती पुंगळी भंगारात. माझ्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एक वाटी असते. त्यातला जळका प्रायमर काढायचा आणि नवा बसवायचा.

हे बसवणं गॅरंडच्या बाबतीत फार सांभाळून करावं लागतं. तिची फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर आपटणारी सुई, मोकळी असते, मागे धरायला स्प्रिंग नाही. बोल्ट (चेंबर बंद करणारा दट्ट्या) पुढे आपटला की पिनही पुढे येते आणि प्रायमरला हलकंसं टोचते. राऊंड चेंबरमध्ये घालून न उडवता बाहेर काढला तर प्रायमरवर मोहरीएवढा खळगा दिसतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोटात गोळाच आला. अशा रायफलीत प्रायमर जरा वर राहिला, तर ट्रिगरला बोट न लावताही राऊंड सुटू शकतो. त्यामुळे प्रायमर बुडाच्या तीन ते पाच हजारांश इंच खालीच हवा. म्हणजे साधारण झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीइतका.

सुरुवातीला मी प्रेसवरच, म्हणजे काडतुसं भरायच्या टेबलावरच्या यंत्रावरच, प्रायमर बसवायची. पण तो लांब दांडा, एवढं बळ! प्रायमर तळाला टेकला की अर्ध्यात अडला, हे हाताला समजतच नाही. मग एक स्वस्तातलं हँड प्रायमर आणलं, अंगठ्यानं दाबायचं. हाताला छान कळायचं. दोनशे पुंगळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना अंगठ्याच्या मुळातून कळ निघाली. वर्षभरात त्याची दांडी वाकली. अंगठा मात्र अजून दुखतो.

दुसरं बघायला निघाले तर क्लबात जो तो सल्ला द्यायला तयार. ली कंपनीची हँड प्रायमर स्वस्त, पण त्यांना त्यांचेच वेगळे शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारे तुकडे) लागतात, प्रेसवरचे चालत नाहीत. फ्रँकफर्ड आर्सेनलचं परफेक्ट सीट अख्खं धातूचं. किती खोल बसवायचं ते चार हजारांश इंचाच्या टप्प्यांनी ठरवता येतं आणि बारा शेल होल्डर सोबतच येतात. आरसीबीएसचं एक युनिव्हर्सल आहे, त्याला शेल होल्डरच लागत नाही. स्प्रिंगचे जबडे पुंगळीचं बूड धरतात. ज्याच्याकडे सात-आठ कॅलिबर आहेत त्याच्यासाठी ते बरं. माझ्याकडे एकच.

कागदावर वाचून काही ठरेना. शेवटी शनिवारी रेंजवर चौघांची चार अवजारं मागून घेतली आणि जळके प्रायमर काढलेली पुंगळी लावून नुसती दाबून पाहिली. एकाची दांडी इतकी लांब उघडायची की माझी बोटं टोकापर्यंत पोचेनात, करंगळी हवेतच. मालकाचा पंजा सुपाएवढा, त्याला काय कळणार! चौथं आरसीबीएसचं साधं हँड प्रायमिंग टूल होतं. हे अंगठ्यानं नाही, अख्ख्या मुठीनं दाबायचं. माझ्या मुठीत नीट मावलं. प्रेसवरचा तीन नंबरचा शेल होल्डर त्यात तसाच बसतो. शिवाय बसणारा प्रायमर आणि ट्रेमधले बाकीचे यांच्यामध्ये आडोसा येतो, म्हणजे एक चुकून फुटला तरी आग ट्रेपर्यंत जाऊ नये. माझ्यासाठी तिथेच विषय संपला.

आता रात्री जेवणं झाली की बसते. ट्रे सुपासारखा हलवला की प्रायमर उलटतात आणि ऐरणीची, म्हणजे प्रायमरच्या आतल्या धातूच्या तुकड्याची, बाजू वर येते. झाकण लावायचं, पुंगळी सरकवायची, मूठ वळायची. आधी थोडं घासत जातं, मग पाय टेकल्यासारखं होतं, आणि त्यानंतर किंचितसा दाब. काहीच न घासता आत गेला तर वाटी सैल झाली, पुंगळी बाद. सुरुवातीलाच अडला तर जोर करायचा नाही. लेक सिटी या दारूगोळा कारखान्याच्या लष्करी पुंगळ्यांत असं होतं. तिथे प्रायमरभोवतीची कड दाबून बसवलेली असते, ती आधी कापून काढावी लागते. मागच्या आठवड्यात शंभरात अशा तीन निघाल्या, माझ्याच नजरेतून सुटलेल्या. प्रेसवर मी त्या चेंगरून बसवल्या असत्या.

प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून नख फिरवते, मग ती डब्यात. सेफ्टी चष्मा डोळ्यांवर असतोच. परवा त्याच अवतारात आईचा व्हिडिओ कॉल घेतला.

"चष्मा कधी लागला गं? आणि हे काय, शेंगा सोलतेस?"

हो म्हटलं, शेंगाच.