जादा पाट्यापासून वजनकाट्यापर्यंत – आमची वाटचाल

आम्ही गॅरेज टाकलं तेव्हा काम एकच, पाट्यांचं, म्हणजे ॲक्सलवर गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. पिकअप यायची मागून बसलेली, हौदा खाली आणि तोंड वर, मालक म्हणायचा लोड भरला की खड्ड्यात ॲक्सल वर आपटतो, एक जादा पाटा टाकून द्या. आम्ही टाकून द्यायचो. गाडी उचलली गेली की मालक खुश, आम्हीपण खुश, आणि पहिली दोन वर्षं हाच धंदा आहे असं आम्ही मनापासून समजत होतो.

मग त्याच गाड्या परत यायला लागल्या. लोड असताना मस्त चालते पण रिकामी असली की मागून उडते, स्पीडब्रेकरवर चाक जमीन सोडतं. तेव्हा पाट्याचं गणित नीट समजून घेतलं. ८ मिमीच्या जागी १० मिमीचा पाटा टाकला तर तो सव्वापट कडक होईल असं वाटतं पण तसं नसतं, कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे तो एक पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. आणि शॉकअप मात्र जुनेच, ते कंपनीच्या पाट्याच्या हिशोबाने बनलेले, कडक पाट्याची उसळी त्यांना आवरतच नाही. तेव्हापासून पाटे कडक केले की शॉकअपचा विचार त्यासोबतच, वेगळा नाही.

पण खरा धडा ब्रेकने दिला. आम्हीच पाटे वाढवलेली एक गाडी आली, ड्रायव्हर म्हणाला भरलेल्या गाडीला ब्रेक मारला की पुढची चाकं धरतात आणि मागची नुसती ढकलत राहतात. लायनर बघितले, ऑइल बघितलं, सगळं ठीक. शेवटी खाली झोपून बघितलं तर चॅसिसवरचा वाल्व, ज्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. गाडी लोडने किती बसली यावरून तो मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचं ते ठरवतो. आम्ही गाडी बसूच दिली नव्हती! मागे पूर्ण माल आणि वाल्व समजतोय गाडी रिकामी आहे. दांडी नव्या उंचीनुसार सेट केली, ब्रेक जागेवर आला, पण त्याआधी आमच्या हातून गेलेल्या गाड्या आठवून झोप लागली नाही. ज्यांचे नंबर वहीत होते त्या सगळ्यांना फोन करून बोलावलं आणि पैसे न घेता सेट करून दिलं.

त्यानंतर आमची पद्धतच बदलली. आता आधी वजनकाटा. रिकामी गाडी आणि नेहमीचा माल भरलेली गाडी, पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा. चारही चाकांच्या सेंटरपासून मडगार्डपर्यंत टेपने माप, कामाआधी आणि कामानंतर, वहीत लिहून. आणि मालकाला एक प्रश्न, आठवड्यात किती दिवस भरलेली आणि किती दिवस रिकामी? कायम भरलेली असेल तर पाट्यांचा पूर्ण सेट. कधीतरीच लोड असेल तर हेल्पर पाटा, जो गाडी बसल्यावरच टेकतो, किंवा एअर बॅग, म्हणजे पाट्यासोबत भार घेणारी हवेची रबरी पिशवी. एअर बॅगला दोन्ही बाजूंच्या लाइन वेगळ्याच टाकतो, एकच लाइन असली तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी अजून झुकते. आणि रिकाम्या गाडीतपण थोडी हवा ठेवायचीच, नाहीतर बॅग घडीत चिमटून फाटते.

पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने परत लावत नाही, कितीही चांगले दिसले तरी, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा पकडत नाही. आणि काही शे किलोमीटर चालल्यावर परत टाइट करायला गाडी यायलाच पाहिजे, कारण यू-बोल्ट ढिला पडला की सगळा मार पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटला की ॲक्सल सरकतो.

सगळ्यात अवघड गेलं ते नाही म्हणायला शिकणं. पाटे बदलले म्हणून पासिंग, म्हणजे गाडीला कागदोपत्री मंजूर असलेलं वजन, वाढत नाही, टायर तेच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, चॅसिस तीच. गाडी सरळ उभी दिसते म्हणून मालकाला वाटतं अजून माल बसेल, आणि तिथंच घात होतो. पासिंगच्या वर भरणार असं कोणी तोंडाने सांगितलं तर आम्ही काम घेत नाही. सुरुवातीला गिऱ्हाईकं गेली, महिनाअखेरीला हिशोब करताना त्रास झाला, पण गॅरेजमधल्या मुलांचे पगार एकदाही चुकवले नाहीत, आणि गेलेल्यातले काही जण नंतर स्वतःहून वजनाची पावती हातात घेऊनच आले.

सध्या एक गाडी उभी आहे जिच्या हौद्यात डाव्या बाजूला पाण्याची टाकी कायमची बसवलीय, त्यामुळे डावीकडं दोन बोटं झुकलेली आहे. मालक म्हणतो दोन्हीकडं एकेक पाटा टाका, पण मग दोन्ही बाजू उचलल्या जाणार आणि झुकाव बराचसा तसाच राहणार. टाकी मधोमध घेता येते का ते आधी बघतोय, नाही जमलं तरच डावीकडचा सेट वेगळा. उद्या सकाळी टाकी पूर्ण भरून काट्यावर नेणार आहोत.