केस डिस्कशन वर्गात आणि लिहून

केस मेथड, म्हणजे एखाद्या कंपनीचा पेच (केस) वाचून त्यावर चर्चा करत शिकणं, म्हटली की डोळ्यासमोर हार्वर्डची ती अर्धगोल वर्गखोली येते, ९० च्या आसपास मुलं, आणि सर कधी कुणाचं नाव घेतील नेम नाही. लॉ स्कूलची ही पद्धत तिथे १९२० च्या दशकात बिझनेसच्या शिक्षणात रुजली आणि पुढे जगभर गेली. मला ती आवडतेच, पण शिकवताना सारखं जाणवतं की तेच पाच-सहा जण बोलतात, ज्यांना पटकन सुचतं ते, आणि ज्याला रात्रभर विचार करून बोलायचं असतं त्याचं मत कळतच नाही.

म्हणून काही केसेस मी ऑनलाइन लेखी चर्चेला ठेवते, चांगले तीन-चार दिवस. समजा एक कंपनी आहे, विक्री वाढतेय, कागदावर नफा आहे, पण पगाराला पैसे नाहीत. वर्गात लगेच "खर्च कमी करा" सुरू होतं. लिहायचं म्हटलं की कुणीतरी बॅलन्सशीट घेऊन बसतं आणि दाखवतं की गिऱ्हाईक पैसे देतंय ९० दिवसांनी आणि सप्लायरला द्यावे लागतात ३० दिवसांत, मधले ६० दिवस कंपनीच्या खिशातून, म्हणजे धंदा जितका वाढेल तितकी तंगी वाढणार! मग नोकरी करून शिकणारी एखादी लिहिते की उधारीची मुदत कमी करायला सेल्सवालेच तयार होत नाहीत कारण त्यांचा इन्सेंटिव्ह विक्रीवर आहे, वसुलीवर नाही. फायनान्सची केस बघता बघता माणसांची होते.

"एक पोस्ट, दोन रिप्लाय कंपल्सरी" हा नियम मात्र मला अजिबात पटत नाही, त्यातून नुसते "छान मुद्दा" जमा होतात. त्यापेक्षा प्रश्नच असा द्यावा की निर्णय घ्यावा लागेल, मॅनेजर तू आहेस, सोमवारी पहिला फोन कुणाला करशील? मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची दिसतच नाहीत, ती मी कायम चालू ठेवते.

आणि शिक्षकाने गायब होऊ नये. गॅरिसन, अँडरसन, आर्चर या संशोधकांनी २००० च्या सुमारास ऑनलाइन चर्चांचा अभ्यास केला तेव्हा बऱ्याच चर्चा कल्पना मांडण्यापाशीच अडकलेल्या दिसल्या, निष्कर्षापर्यंत फार थोड्या गेल्या. मी पहिला दिवस काहीच लिहीत नाही, दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न टाकते, "बँकेने ओव्हरड्राफ्ट नाकारला तर?" मग खरे दोन गट पडतात, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाने विरुद्ध गटाची बाजू लिहायची, मार्क त्यालाच.