फर्स्ट पार्टी म्हणजे नक्की कोणाचा गेम?

गेम्सवर लिहिते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच: पोकेमॉन निन्टेन्डोचा फर्स्ट पार्टी गेम, म्हणजे कन्सोल (गेम खेळायचं यंत्र) बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा गेम, धरायचा की नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी धरते. पण तो 'निन्टेन्डोने बनवला' असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

पोकेमॉन सुरू केलात की पडद्यावर तळाशी बारीक अक्षरांत तीन नावं दिसतात: निन्टेन्डो, क्रिएचर्स, गेम फ्रीक. मुख्य मालिकेवर वर्षानुवर्षं राबणारी माणसं गेम फ्रीकची, आणि ती निन्टेन्डोच्या मालकीची कंपनी नाही. 2015 मध्ये तिने 'टेम्बो' नावाच्या हत्तीचा गेम केला. तो सेगाने प्रकाशित केला आणि सोनीच्या प्लेस्टेशनवर, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरही आला.

त्यामुळे स्टुडिओ कोणाचा, एवढ्यावरून मी ठरवत नाही. कन्सोलवाल्या कंपनीने गेम स्वतःच्या नावाने प्रकाशित केला का, ते आधी बघते. 2018 चा 'स्पायडर-मॅन' घ्या. पात्र मार्व्हलचं, बनवणारा इन्सोम्नियाक स्टुडिओ तेव्हा स्वतंत्र. सोनीने तो स्टुडिओ विकत घेतला 2019 मध्ये. तरी प्रकाशक सोनीच, म्हणून माझ्या हिशेबात तो पहिल्या दिवसापासून फर्स्ट पार्टी. असे गेम काही जण 'सेकंड पार्टी' म्हणून वेगळे काढतात. गप्पांपुरतं ते ठीक आहे.

खरा फरक पडतो तो हक्कांमुळे. फ्रॉमसॉफ्टवेअर या स्टुडिओने 'डीमन्स सोल्स' बनवला, 2009 मध्ये जपानात तो सोनीने काढला, आणि नाव सोनीकडेच राहिलं. त्यांचा त्याच धाटणीचा पुढचा गेम 2011 मध्ये 'डार्क सोल्स' या नव्या नावाने आला, तोही प्लेस्टेशनबरोबर एक्सबॉक्सवर. इकडे 2020 मध्ये प्लेस्टेशन 5 बाजारात आला तेव्हा सोनीने 'डीमन्स सोल्स' नव्याने घडवून सोबत आणला, पण तो बनवला ब्लूपॉइंट या दुसऱ्याच स्टुडिओने. ज्यांनी त्या गेममधल्या किल्ल्याची एकेक पायरी रचली, त्यांच्या हातात तो पुन्हा गेलाच नाही. मला हे अजूनही लागतं.

फर्स्ट पार्टी म्हणजे एकाच कन्सोलवर मिळणारा, हाही समज आता सोडायला हवा. ॲक्टिव्हिजन ऑक्टोबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, म्हणजे 'कॉल ऑफ ड्यूटी' आता मायक्रोसॉफ्टचा. तरी प्लेस्टेशनवर तो येतोच आहे. माइनक्राफ्टचंही तसंच.

आणि 'ब्लडबोर्न'. 2015 चा हा गेमही फ्रॉमसॉफ्टवेअरचा, हक्क पुन्हा सोनीचे. पीसीवर कधी येणार, म्हणून लोक दिग्दर्शक हिदेताका मियाझाकींच्या मागे लागतात. हक्क आमच्याकडे नाहीत, हे त्यांनी मुलाखतींमधून सांगितलेलं आहे. विचारायचंच असेल तर सोनीला विचारा.